हाकलण्याआधी ओळखा

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमच्या एकशे आठ शिवलिंगांच्या देवळातून आमची यात्रेकरू मंडळी बाहेर पडली आणि समोरच्या टपरीवर फिल्टर कॉफी घेत बसली. तिरुचीला श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांची छावणी आहे, असा विषय निघाला. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी पेल्यातली कॉफी वाटीत ओतता ओतता म्हणाले, "परत पाठवून द्यावं सरळ. वर म्हणे त्यांना सरकारी खर्चानं वकील! देश म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. 19 मे 2025 रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळाची याचिका फेटाळताना न्या. दीपांकर दत्ता यांनी हाच 'धर्मशाळा' शब्द वापरला होता. तेव्हा आधी मान्य करायचं ते करून टाकू. परदेशी माणसाला भारतात राहण्याचा, स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क नाही. त्याला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे, असं सर्वोच्च न्यायालय 1955 पासून सांगत आलं आहे. त्याविषयी माझा वाद नाही.

वाद त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. समोरचा माणूस परदेशी आहे, हे ठरवलं कुणी आणि कसं? वकील लागतो तो तिथे. राहू देणं आणि ऐकून घेणं या दोन गोष्टी आहेत; धर्मशाळेचा दाखला देणारे त्यांची गल्लत करतात.

लांब जायला नको. पापनाशमपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर तिरुचीची कोट्टपट्टू छावणी आहे. तिथे राहणाऱ्या एका बाईचा जन्म रामनाथपुरम जिल्ह्यातल्या मंडपमच्या छावणीत, एप्रिल 1986 मधला. आईबाप श्रीलंकेहून आलेले, म्हणून सरकारदरबारी तीही निर्वासित. पण आपला नागरिकत्व कायदा सांगतो, की 26 जानेवारी 1950 रोजी वा त्यानंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय. आईबापांचं नागरिकत्व विचारायचं कारण नाही. बाईंकडे जन्मदाखला होता, तरी पासपोर्ट मिळेना. 2022 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी तो देण्याचा आदेश दिला आणि 2024 च्या लोकसभा निवडणुकीत या बाईंनी मतदान केलं. म्हणजे जिला आपण छत्तीस वर्षं पाहुणी समजलो, ती घरचीच होती. एक तारीख आणि एक कलम शेजारी शेजारी ठेवायला कुणीतरी लागत होतं, इतकंच. आमच्या स्नेह्यांच्या म्हणण्याप्रमाणे "सरळ" परत पाठवलं असतं, तर सरकारने भारतीय नागरिकालाच परक्या देशात नेऊन सोडलं असतं.

हे अपवादात्मक म्हणावं, तर महाराष्ट्राकडे बघा. 2025 च्या जूनमध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि मग भारतीय म्हणून परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीहून बीरभूमच्या एका गरोदर बाईला असंच पाठवलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तिला परत आणायला सांगितलं; ती परतली डिसेंबरात. ढकलायला काही दिवस पुरले, चूक निस्तरायला पाच महिन्यांहून जास्त.

दुसरा आक्षेप पैशाचा. करदात्याचा पैसा परक्यांच्या वकिलावर का? आक्षेप घेणारा अभ्यासू असला, तर संविधानाचं कलम 39-अ पुढे करतो: मोफत विधी साहाय्याच्या त्या कलमात 'नागरिक' हा शब्द आहे. आहेच. पण त्या कलमाला हातपाय देणारा 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा उघडा. त्याच्या बाराव्या कलमाची सुरुवात 'प्रत्येक व्यक्ती' अशी होते आणि यादीत स्त्री आहे, मूल आहे, कोठडीतला माणूस आहे. अटकेतल्या माणसाला वकील गाठू देणारं कलम 22 आणि जीविताचं कलम 21 यांतही नागरिकत्वाची अट नाही. परदेशी माणसांपैकी कलम 22 मधून वगळला आहे तो शत्रुराष्ट्राचा. तेव्हा कुणी नवी खैरात मागत नाही. लिहिलेलं आहे ते द्या, एवढंच मागणं आहे.

शिवाय इथे वकिलाची गरज इतर खटल्यांहून जास्त आहे. चोरीच्या आरोपात चोरी सिद्ध करायची ती सरकारने. परदेशी असल्याच्या आरोपात मात्र 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर. 1946 च्या कायद्यात हे होतं आणि त्याच्या जागी 1 सप्टेंबर 2025 पासून आलेल्या नव्या कायद्यातही आहे. ओझं त्याच्या डोक्यावर द्यायचं आणि हात लावायला माणूस मागितला की खर्च मोजायचा, हा कुठला न्याय?

तिसरा आक्षेप: वकील आला की तारखांवर तारखा पडतात. पण विलंब वकिलामुळेच होतो का? राजीव गांधी हत्या प्रकरणातले चार श्रीलंकन दोषी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर 2022 मध्ये सुटले आणि तिरुचीच्या विशेष छावणीत ठेवले गेले. त्यांतला संथन मायदेशी जाण्याच्या प्रतीक्षेतच फेब्रुवारी 2024 मध्ये चेन्नईच्या रुग्णालयात वारला. त्याच्या गुन्ह्याबद्दल कुणाला सहानुभूती असायचं कारण नाही. पण पाठवायचं ठरलेला माणूसही पंधरा महिने जात नाही, कारण विलंब कागदांत असतो, दोन सरकारांच्या पत्रव्यवहारात असतो. पाठपुरावा करणारा वकील तो कमीच करील.

राहिला चौथा, सगळ्यांत भारदस्त आक्षेप: ही सार्वभौम सत्तेची बाब आहे, कोर्टाचं इथे काय काम? हे वाक्य तंजावरच्या मातीत मराठी माणसाने तरी उच्चारू नये. 1855 साली तंजावरचे मराठा राजे दुसरे शिवाजी पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केलंच, पण राजघराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. प्रिव्ही कौन्सिलने 1859 मध्ये तो निकाल फिरवला: हे राजसत्तेचं कृत्य आहे, त्याचा न्याय करणं कोर्टाच्या हाती नाही. पुढे सरकारने मालमत्ता परत दिली, ती मेहेरबानी म्हणून. हक्क नाकारला आणि उपकार केला. त्या सत्तेला हे शोभत होतं. संविधान हाती घेतलेल्या प्रजासत्ताकाने तीच भाषा बोलायची?

आज निर्वासितांच्या वाट्याला येते ती बहुतेक मेहेरबानीच. तामिळनाडू सरकारने 2021 साली छावण्यांना 'पुनर्वसन शिबिर' हे नाव दिलं, नवी घरं जाहीर केली. केंद्राने 2025 साली 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट दिली. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण सूट देणारा हात उद्या ती काढूनही घेऊ शकतो.

म्हणून मागणी साधी आहे. परदेशी म्हणून ताब्यात घेतलेल्या प्रत्येकाला त्याला कळणाऱ्या भाषेत लेखी कारण मिळावं. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील भेटेपर्यंत त्याला सीमेकडे नेऊ नये. छावण्यांच्या जवळच्या तालुका विधी सेवा समितीने महिन्यातून एकदा तिथे जाऊन जन्मदाखले तपासावेत. कोट्टपट्टूसारख्या आणखी तारखा कुणाच्या पेटीत पडून असतील, तर त्या निघतील. एवढं झाल्यावरही जो परका ठरेल, त्याला खुशाल पाठवा.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणले, त्यांत महाराष्ट्राचे तिघं होते. तेव्हा आमच्या स्नेह्यांनाही राग आला होता. तो त्यांनी कॉफीवर बोलूनही दाखवला. मी विचारलं, "काका, तुमच्या बँकेत सही जुळली नाही तर चेक परत जायचा. नुसताच भिरकावून द्यायचात का?"

"छे, रिटर्न मेमो लावायचा. कारण लिहून. सही जुळत नाही वाटली, तरी आधी नमुना काढून पुन्हा ताडून बघायचो आम्ही."

"का पण?"

"अहो, चेक खरा निघाला तर?" ते म्हणाले, आणि वाटीतली कॉफी पुन्हा पेल्यात ओतत राहिले.