नकाशावर समोरासमोर, रस्त्याने दीड तास: कोकणात फिरायला जाताना मुक्काम नेमका कुठे करायचा?

११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले थेट कोकणच्या समुद्राशी जोडलेले. मग 'चार दिवसांत चार किल्ले' असे प्लॅन ग्रुपवर फिरायला लागले नसते तरच नवल. नकाशात चारही किल्ले एका ओळीत दिसतात. समुद्राच्या कडेकडेने गाडी घातली की झालं, असं कुणालाही वाटेल.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. खांदेरी अलिबागजवळ थळच्या समोर, सुवर्णदुर्ग दापोली तालुक्यातल्या हर्णैला, विजयदुर्ग देवगड तालुक्यात आणि सिंधुदुर्ग मालवणात. अलिबाग ते मालवण हे अंतरच चारशे किलोमीटरच्या पुढे जातं. बरं, दूरचे सोडा. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग तर एकाच जिल्ह्यात आहेत. पण या दोघांमध्येही रस्त्याने साधारण पाऊणशे किलोमीटर आहेत, तेही वळणावळणाचे. जाऊन, किल्ला बघून, परत यायचं म्हटलं की दिवस संपला.

म्हणून कोकणच्या ट्रिपमध्ये 'काय बघायचं' याच्या आधी 'राहायचं कुठे' हा प्रश्न येतो. आणि तो बहुतेक लोक रूमचे फोटो बघून सोडवतात.

कोकणचा नकाशा फणीसारखा आहे

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे, दोन्ही समुद्रापासून आत, उत्तर-दक्षिण धावतात. या दोन समांतर रेषांमधून पश्चिमेला फाटे फुटतात आणि समुद्रावरच्या गावात जाऊन संपतात. एक फाटा दापोलीकडे, एक गुहागरकडे, एक देवगडकडे, एक मालवणकडे, एक वेंगुर्ल्याकडे. फणीचे दात असावेत तसे.

दोन दातांच्या मध्ये खाडी असते, आणि खाडी ओलांडायला दरवेळी पूल असेलच असं नाही. त्यामुळे एका किनाऱ्यावरून शेजारच्या किनाऱ्यावर जायचं तर अनेकदा आत मागे यायचं आणि दुसऱ्या दाताने परत खाली उतरायचं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे देवबाग आणि भोगवे. मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. होडीने काही मिनिटांचं काम. गाडीने जायचं तर उलटं मालवणला या, आत जा, पूल गाठा, परुळ्यावरून खाली उतरा. चाळीसेक किलोमीटरचा वळसा आणि दीडेक तास. देवबागला रूम घेऊन 'भोगवे तर समोरच आहे, सकाळी पटकन जाऊन येऊ' असं ठरवणाऱ्यांचा पहिला दिवस इथेच जातो.

स्टेशनच्या नावावर जाऊ नका

कोकण रेल्वे १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत पूर्ण सुरू झाली. डोंगर आणि पुलांचा हिशोब करत रूळ टाकले गेले, त्यामुळे बरीच जुनी गावं रुळांपासून लांबच राहिली. सावंतवाडी रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड ही नावं नीट वाचा. नावात 'रोड' असेल तर गाव स्टेशनपासून दूर आहे असंच समजायचं. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर.

सगळ्यात फसवं नाव मात्र 'सिंधुदुर्ग' स्टेशनचं. किल्ला मालवणच्या समुद्रात आणि स्टेशन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ. मध्ये तीसेक किलोमीटर आहेत. मालवणला रेल्वेच नाही. तिथे जाणारे लोक बहुतेक कुडाळ किंवा कणकवलीला उतरतात.

कुठल्या गाडीने जाता यावरही गणित बदलतं. जून २०२३ ला सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत सिंधुदुर्ग जिल्ह्यात फक्त कणकवलीला थांबते, कुडाळला नाही. म्हणजे ट्रेनमध्ये वाचवलेला वेळ पुढच्या रस्त्यावर थोडा परत द्यावा लागतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. मे महिन्यात बघितलेली वेळ जुलैच्या ट्रिपला धरून बसू नका.

एसटी आहे, पण ती तुमच्यासाठी आखलेली नाही

स्वतःची गाडी नसेल तर कोकणात फिरता येतं का? येतं. पण एसटी कशी चालते ते आधी समजून घ्यावं लागतं.

गावातल्या एसटीचं वेळापत्रक शाळा-कॉलेजची मुलं, दवाखाना, बाजार आणि कचेरीची कामं यावर बेतलेलं असतं. वस्तीची गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते, गावात मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याकडे परत फिरते. थोडक्यात, सकाळी गर्दीचा ओघ गावाकडून शहराकडे आणि संध्याकाळी शहराकडून गावाकडे. पर्यटकाला नेमकं उलटं हवं असतं. तो शहरात राहून सकाळी गावाकडे निघतो आणि सूर्यास्त बघून संध्याकाळी परतायला बघतो. सूर्यास्त झाल्यावर किनाऱ्यावरच्या गावातून तालुक्याला जाणारी गाडी मिळाली तर नशीब.

यातून एक गंमत निघते. तुम्ही खेड्यात राहिलात, सकाळच्या एसटीने तालुक्याला गेलात, तिथलं काम, बाजार, देऊळ बघून संध्याकाळी वस्तीच्या गाडीने परतलात, तर एसटी तुमच्या बाजूने असते. शेजारच्या दोन-तीन गावांत फिरायचं असेल तर मात्र डेपो असलेलं गाव बरं, कारण फाटे तिथूनच फुटतात. सिंधुदुर्गात कणकवली, कुडाळ, मालवण, देवगड, सावंतवाडी, वेंगुर्ला आणि विजयदुर्गला डेपो आहेत. विजयदुर्गला डेपो आहे हे किल्ला बघायला जाणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पैशाच्या बाजूनेही एसटी सोडून देण्यासारखी नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पण मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. आई, आजी आणि दोन बहिणी अशी ट्रिप असेल तर एसटीचा खर्च रिक्षाच्या एका फेरीपेक्षाही कमी होऊ शकतो. शिवाय 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास आजही मिळतो.

अडचण फेऱ्यांची आहे. कोरोना आणि त्यानंतर २०२१-२२ चा कित्येक महिन्यांचा संप, यानंतर बंद झालेल्या फेऱ्या पूर्ववत झाल्या नाहीत ही तक्रार गावागावांतून येते. पर्यटक गाडी घेऊन येतो, म्हणून एसटीत तो दिसत नाही. एसटीत माणसं दिसत नाहीत म्हणून फेरी कमी होते, आणि फेरी नाही म्हणून पुढचा पर्यटकही गाडीच घेऊन येतो. यात अडकते ती गावातली कॉलेजला जाणारी मुलगी, जिच्याकडे गाडी नाही.

मग राहायचं कुठे?

नियम साधा आहे: एका मुक्कामातून फणीचा एकच दात बघायचा. पाच दिवस सिंधुदुर्गात असाल तर तीन रात्री मालवणला आणि दोन रात्री वेंगुर्ला किंवा देवगडला, हे रोज एका ठिकाणाहून धावण्यापेक्षा कितीतरी सुखाचं. मालवणातून किल्ला, तारकर्ली, देवबाग, आचरा, धामापूरचा तलाव होतो. वेंगुर्ल्याहून शिरोडा, रेडी आणि सावंतवाडी होते. विजयदुर्ग आणि कुणकेश्वर देवगडमधून. रोज रात्री नवीन गाव हा प्रकार टाळा. सामान बांधणं, चेक-आउट आणि नवीन रूम शोधणं यात अर्धा दिवस जातो.

गाडी नसेल तर कुडाळचा विचार करा. इथे समुद्र नाही, त्यामुळे रीलमध्ये हे गाव दिसत नाही. पण रेल्वे आहे, डेपो आहे, महामार्ग आहे, मालवण आणि वेंगुर्ला दोन्हीकडचे रस्ते इथून निघतात आणि ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी ओळखलं जाणारं पिंगुळी शेजारीच आहे. कमी ग्लॅमर, जास्त सोय.

आणि ज्यांना कुठेही जायचंच नाही, फक्त समुद्र बघत पडून राहायचं आहे, मासे खायचे आहेत, त्यांनी खुशाल देवबाग किंवा भोगवे गाठावं. पण मग यादी घरी ठेवून जावं.

रिक्षा मीटरवर चालत नाहीत, भाडं आधी ठरवायचं. लांबच्या गावाला सोडलं तर परतीची रिकामी फेरी भाड्यात धरलेली असते. त्यात फसवणूक नाही, तिथून त्याला गिऱ्हाईक मिळत नाही एवढंच. ठरवून अर्धा दिवस रिक्षा घेतली तर दोघांचंही बरं होतं. भाड्याची दुचाकी घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्याने द्यायला परवानगी असलेली गाडी. कुणाची तरी घरची पांढऱ्या पाटीची स्कूटर घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा वाद तुमच्या गळ्यात.

तारीख बघून मुक्काम ठरवा

किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात, साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट. त्या काळात मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किनाऱ्यावरूनच बघावा लागतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणजे ताटातल्या ताज्या सुरमईची खात्री देता येत नाही. या दिवसांत किनाऱ्यापेक्षा आंबोलीच्या घाटात राहणं शहाणपणाचं. कोल्हापूरहून येणाऱ्यांनी निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारावं. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि कित्येकांना ते घाटाच्या तोंडाशी पोहोचल्यावर कळलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रश्न वेगळा असतो. तारकर्ली-देवबागचा रस्ता गावाचा आहे, दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. तेव्हा मालवणातच गाडी लावून रिक्षाने जाणं जलद पडतं.

पूल झाले की हे सगळं बदलेल का?

थोडं बदलेल. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून बोलला जातोय. आता खाड्यांवरच्या मोठ्या पुलांची कामं हाती घेतली आहेत. तोपर्यंत उत्तरेकडच्या खाड्यांवर फेरीबोटीच उपयोगी आहेत: दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट काही मिनिटांत पोहोचता येतं, तेच चिपळूणवरून फिरून गेलं तर शंभर किलोमीटरच्या वर. दापोली आणि गुहागर एकाच ट्रिपमध्ये बसतात ते या बोटीमुळे. पण सुट्टीच्या दिवसात जेटीवर गाड्यांची रांग लागते. त्यामुळे दापोलीहून गुहागरला मुक्काम हलवायचा असेल तर तो सकाळी लवकर हलवावा, आणि निघण्याआधी जेटीवर फोन करून एवढंच विचारावं: बोट चालू आहे ना, आणि शेवटची कितीला?