टोलनाका शांत झाला, हिशेबाचे काय?

छत्रपती संभाजीनगरहून माळीवाडा किंवा सावंगी येथे समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या मोटारचालकास खिशात हात घालावा लागत नाही. पुढील काचेच्या आतील बाजूस चिकटवलेली फास्टॅगची पट्टी त्याच्या प्रवेशाची नोंद करविते आणि महामार्ग सोडताना कापलेल्या अंतराचा टोल खात्यातून परस्पर वळता होतो. या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राने सोडलेल्या रेडिओ लहरींच्या शक्तीवर तिच्यातील चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निद्रिस्त होते. एवढ्याशा या वस्तूने रस्त्यावरील एक जुनी कटकट संपवली, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

अहमदाबाद-मुंबई मार्गावर २०१४ साली या पद्धतीचा प्रयोग सुरू झाला. १ डिसेंबर २०१७ पासून नवी मोटार पट्टीसह विकण्याचे बंधन आले. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यास राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या आणि पट्टी नसणाऱ्यास दुप्पट आकार लागू झाला. महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या नाक्यांनाही हाच नियम लावला. रांगा आखूड झाल्या, सुट्या पैशांवरून होणाऱ्या चकमकी थांबल्या, रोख रकमेला फुटणारे पाय बंद झाले. हे लाभ खरे आहेत. परंतु रांगेबरोबर आणखी एक गोष्ट नाहीशी झाली आहे आणि तिची चर्चा कोणी करीत नाही. ती गोष्ट म्हणजे आपण कर देत आहोत ही जाणीव.

महाराष्ट्रात टोलचा प्रश्न विधिमंडळात जन्मला नाही, तो नाक्यावर जन्मला. नोट काढून देताना प्रत्येकाच्या मनात एकच विचार येई की, या रस्त्याचे पैसे फिटले कधी आणि हे नाके उठणार कधी? त्या असंतोषातूनच आंदोलने झाली. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वृद्ध नेत्याच्या पुढाकाराने लढलेल्या कोल्हापुरापुढे तेथील शहरांतर्गत टोल टिकला नाही. २०१५ मध्ये शासनास १२ नाके बंद करावे लागले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी गाड्यांना सूट द्यावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. नाका डोळ्यांसमोर होता म्हणून प्रश्नही डोळ्यांसमोर राहिला.

जो कर दिसत नाही तो निमूटपणे वाढतो, हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाईन यांनी तेथील टोलमार्गांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वयंचलित वसुली आल्यावर चालकांना आपण किती टोल भरतो हेच नीट सांगता येईना, आणि ही पद्धत नसती तर जे दर राहिले असते त्यांहून ते २० ते ४० टक्क्यांनी चढे झाले, असे त्यांना आढळले.

समृद्धी महामार्गाकडे या दृष्टीने पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा मोटारीचा दर किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. १ एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला, म्हणजे सुमारे १९ टक्क्यांनी वाढला. राज्यात फास्टॅग सक्तीचा झाला तो हाच दिवस. वाढ ठरलेल्या मुदतीनेच झाली असल्याने यात कोणी कट शोधण्याचे कारण नाही. मात्र एवढ्या वाढीने नाक्यांवर पूर्वी जो गदारोळ उठला असता, त्याचा मागमूसही दिसला नाही. आज ७०१ किलोमीटरच्या पूर्ण प्रवासाला मोटारीस १,४४५ रुपये पडतात.

पट्टी एक असली तरी तिच्यामागे वसुली करणारे अनेक आहेत, हेही सामान्य वाहनधारकाच्या ध्यानात येत नाही. केंद्राने १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू केला. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर करोडीच्या नाक्यावर तो चालतो. तोच पास घेऊन संभाजीनगरचा शिक्षक समृद्धीवर चढला तर त्याला पूर्ण आकार द्यावा लागतो, कारण तो मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. सवलत कोठे संपते हे त्याला खात्यातील शिल्लक घटल्यावर कळते.

यावर उपाय म्हणून पुन्हा रोखीकडे जावे, असे कोणी सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. उपाय त्या पट्टीतच आहे. पूर्वी नाक्यावरून किती वाहने गेली याचा वाद कधी मिटत नसे, कारण मोजणी कंत्राटदाराच्या हाती आणि संशय जनतेच्या मनी. आता प्रत्येक वाहनाची वेळ, वर्ग आणि रक्कम यंत्रात नोंदली जाते. मग रोजची वाहने किती, वसुली किती, भांडवली खर्चापैकी फिटले किती आणि उरले किती, हे नाक्यावरील फलकावर आणि पैसे कापल्याच्या संदेशातच का सांगू नये? कोणती मोटार कोठे गेली हे गुप्तच राहिले पाहिजे. एकूण बेरजेला मात्र गुप्ततेचे कारण नाही. सुमारे ५५ हजार कोटी रुपये खर्चून उभारलेल्या समृद्धीपासून राज्याने याचा आरंभ करावा. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलची काही माहिती संकेतस्थळावर मिळते, परंतु ती शोधत जाणारे थोडे. हिशेब पैसे देणाऱ्याच्या हाती आपणहून पोहोचला पाहिजे.

ही निकड वाढतच जाणार आहे. गुजरातेतील चोर्यासी नाक्यावर अडसराविना वसुली करण्याचा करार २०२५ मध्ये झाला. ती पद्धत रुळली की वाहनाचा वेगही कमी करावा लागणार नाही. नाके दिसेनासे होण्यापूर्वी त्यांचा हिशेब दिसू लागावा, हा आग्रह शासनाला जड वाटण्याचे कारण नाही. हिशेब चोख असेल तर तो मांडल्याने शासनाचीच पत वाढेल. तो मांडण्याची टाळाटाळ झाली, तर नागरिकांनी त्यातून काय समजायचे ते समजावे.