घरबसल्या उद्योग : प्रदर्शनातला पहिला गाळा

लवासाहून एक मैत्रीण विचारते, “मी हातानं बाळाच्या गोधड्या शिवते. सगळ्याजणी म्हणतात, प्रदर्शनात ठेव. सुरुवात कशी करू? आणि जास्त किंमत सांगायची तर लाज वाटते.”

मैत्रिणींनो, ही लाजच आपल्याला महागात पडते. म्हणून आज आधी हिशेब, मग गाळा.

समजा, एका गोधडीला कापड, अस्तर, दोरा मिळून ३०० रुपये लागले. धावदोरा घालायला १० तास गेले. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी झाली ६००. तीन दिवसांच्या गाळ्याचं भाडं, जाणं-येणं, चहापाणी मिळून ४,५०० रुपये. लवासा ते पुणे सुमारे ६० किलोमीटर, तेव्हा टेम्पोचं भाडंही यातच धरा. दोघींनी मिळून गाळा घेतला तर वाट्याला २,२५०. तुम्ही २० गोधड्या नेल्या तरी भागाकार करताना १५ च खपतील असं धरा. म्हणजे दर गोधडीवर १५० रुपये. एकूण झाले १,०५०.

आता कुणी म्हटलं, “६०० ला द्या हो,” आणि तुम्ही दिलीत, तर हाती उरतात १५० रुपये. दहा तासांच्या कामाला तासाचे १५! घासाघीस झालीच, तर किंमत उतरवू नका. छोटी गोधडी दाखवा.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो ‘लिज्जत’ उद्योग आपल्याला ठाऊक आहेच. तिथे लाटणारीला तिची ‘वणाई’ मिळते. हातांची मजुरी खर्चातच धरलेली. आपणही तेच करायचं.

पहिल्याच खेपेला मोठी उडी नको. सोसायटीतलं हळदीकुंकू, गणेशोत्सवातले गाळे, शाळेची आनंदजत्रा इथे हात बसवा. मग पुण्याची डिसेंबरातली भीमथडी जत्रा किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस यांची चौकशी करा. तिथे बचत गटांना स्थान असतं, म्हणून गावातल्या गटाशी आधी बोला. अर्ज बरेच आधी घेतात. ऐन वेळी धावपळ करून उपयोग नाही.

गाळ्यावर नेण्याची यादी : एकरंगी चादर (रंगीत चादरीवर गोधडी उठून दिसत नाही), दोरी आणि चिमटे, कात्री, सुई-दोरा, सुटे पैसे, पिशव्या, वही. दोन-चार गोधड्या उभ्या टांगा, बाकीच्या घडी करून ठेवा. प्रत्येकीवर किंमत लिहिलेली चिठ्ठी हवी; मग तोंडानं सांगायची लाजही उरत नाही. उरलेल्या कापडाचे बटवे, पोथीची वेष्टनं अशा ५०-१०० रुपयांच्या वस्तूही मांडा. हात लावून बघणारी बाई सहसा रिकाम्या हातानं जात नाही. मागणी आली तर वहीत नाव, फोन, रंग, तारीख टिपा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोबाइलवर पैसे घेण्याचा चौकोनी कोड गाळ्यावर लावाल, तो तुमच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचा असू द्या. घरच्यांच्या खात्यात गेलेले पैसे किराण्यात, फीमध्ये विरघळतात आणि वर्षाअखेर “तुला काय मिळालं?” या प्रश्नाला उत्तर राहत नाही. घरखर्चाला जरूर द्या. पण आधी आपल्या खात्यात येऊ द्या, मग आपल्या हातानं द्या.