फितीतला आवाज भंगारात जाऊ देऊ नका

स्पूलचा टेपरेकॉर्डर वापरलेली पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. आजच्या मुलाला तो दाखवला तर शिलाई मशीनची पेटी आहे काय, असे तो विचारील. वर दोन चकत्या, मध्ये पेटीच्या पट्ट्यांसारखी बटणे, समोर जाळीचे कापड, उचलायला मूठ आणि वजन दहा-बारा किलो. ग्रुंडिग, टेलिफुंकन, फिलिप्स, आकाई, सोनी अशी नावे त्यावर असत. हौशी माणसे आता ही यंत्रे भंगाराच्या दुकानातून शोधून काढतात, पुसून दिवाणखान्यात मांडतात आणि त्यांचे सुरेख फोटो घेतात. ही हौस वाईट नाही. माणसाच्या हातांनी बनवलेल्या चांगल्या वस्तूची कदर व्हायलाच हवी, आणि कामगारांच्या घरातल्या लोकांना ती कदर शिकवावी लागत नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. यंत्राला गिऱ्हाईक मिळते, पण त्याच्यासोबत निघालेल्या पुठ्ठ्याच्या डब्यांना कोणी विचारत नाही. त्या डब्यांत फिती असतात आणि त्या फितींत आपली माणसे असतात.

आधी हे यंत्र समजून घेऊ. पाव इंच रुंदीची पातळ पट्टी, तिच्या एका अंगाला लोखंडाच्या गंजासारखी तपकिरी भुकटी. आवाजाची वीज होते, वीज हेडमध्ये चुंबकत्व निर्माण करते आणि पुढून सरकणाऱ्या भुकटीवर त्याचा ठसा उमटतो. तीच पट्टी पुन्हा हेडसमोरून नेली की ठशाची वीज होते आणि विजेचा आवाज. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी फितीची कल्पना पुढे आणली. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हे यंत्र मांडले. सात इंची स्पूलवर साधारण १२०० फूट फीत मावते. सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती एका बाजूला ३२ मिनिटे चालते, पावणेचार इंच वेगाने ६४ मिनिटे. वेग जास्त तर आवाज चांगला, पण फीत लवकर संपते. म्हणून सभेचे भाषण कमी वेगाने आणि गाणे जास्त वेगाने घेण्याची रीत होती.

या यंत्राचे मोल कळायला आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण पुरे आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बाबांनी कधी पुस्तक लिहिले नाही. त्यांचे सारे काम तोंडाने आणि खराट्याने. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले आणि ते फितीवर घेतले गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ बाबा गेले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते, त्याला तेव्हा चौदाच दिवस झाले होते. ते कीर्तन आज छापलेले मिळते. पण बाबा प्रश्न कसा टाकत, समोरच्या माणसाकडूनच उत्तर कसे काढून घेत, वऱ्हाडी बोलीतला त्यांचा ठसका कसा होता, हे कागदावरून कळत नाही. ते कानानेच कळते. त्या दिवशी तिथे टेपरेकॉर्डर नसता तर आपल्याला फक्त शब्द मिळाले असते, बाबा मिळाले नसते.

उलट बाजूही पाहा. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवी मंदिर सत्याग्रहाचा प्रश्न पुढे होता. तेव्हा फितीचे यंत्रच नव्हते. त्या दिवशीचे बाबासाहेब आपण वाचू शकतो, ऐकू शकत नाही. १९५५ मध्ये बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत मात्र आज आपली नातवंडे मोबाईलवर ऐकतात. वाचलेला बाप आणि ऐकलेला बाप यांत काय फरक आहे, तो प्रत्येकाने आपल्या घरात तपासून पाहावा.

आता आपल्या वस्त्यांकडे येऊ. स्पूलचे यंत्र घरोघरी नव्हते. पोटाला चिमटा घेणाऱ्या माणसाला ते परवडणारे नव्हतेच. एखादा मास्तर, एखादा रेल्वेतला नोकरदार, नाहीतर भोंगे आणि माईक भाड्याने देणारा, अशांकडे ते असे. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गायन पार्टीचा कार्यक्रम रात्रभर चाले आणि मंचाच्या कडेला ही दोन चाके फिरत राहत. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले, विठ्ठल उमप २०१० मध्ये दीक्षाभूमीवरच्या मंचावर कोसळले. त्यांचा आवाज कंपन्यांनी जपला. पण दिवसा जिनिंगमध्ये, गिरणीत किंवा शेतात राबून रात्री ढोलकी वाजवणाऱ्या, तालुक्याच्या बाहेर कधी न गेलेल्या गायकाचा आवाज कोणी जपला? तो असलाच तर एखाद्या माळ्यावरच्या डब्यात आहे.

डब्यावर काय लिहिलेले असते? 'अमुक आणि पार्टी'. या 'पार्टी' शब्दात हार्मोनियमवाला, कोरस धरणारे आणि कितीतरी बाया गडप झालेल्या आहेत. मागे बसून ध्रुवपद उचलणाऱ्या बाईचे नाव डब्यावर नसते, फितीवर तिचा आवाज मात्र असतो. ते नाव सांगू शकणारी म्हातारी माणसे आज हयात आहेत. आणखी काही वर्षांनी आवाज राहील आणि तो कोणाचा, हे सांगणारे कोणी राहणार नाही.

म्हणून फोटो काढा, पण असे काढा की त्यांचा उपयोग होईल. मोबाईलचा कॅमेरा पुरेसा आहे. सकाळी खिडकीजवळ यंत्र ठेवावे आणि उजेड बाजूने येऊ द्यावा. फ्लॅश वापरू नये, कारण चकचकीत पट्ट्यांवर त्याची तिरीप पडते आणि अक्षरे दिसत नाहीत. मोबाईल हलू नये म्हणून पुस्तकांच्या थप्पीला टेकवावा. पहिला फोटो समोरून, दुसरा वरून. तिसरा मागच्या किंवा खालच्या पत्र्याचा, कारण मॉडेल आणि व्होल्टेज तिथे लिहिलेले असते. चौथा हेडचा, अगदी जवळून. कोणी दुरुस्तीसाठी यंत्र उघडलेच तर आधी आतल्या पट्ट्यांचा फोटो घ्यावा, म्हणजे पुन्हा बसवताना खोळंबा होत नाही. मग प्रत्येक डब्याचे फोटो, पुढून, मागून आणि कण्याचे. डब्यात चिठ्ठी निघाली तर तिचाही. शेवटचा फोटो यंत्र चालवणाऱ्या माणसाचा, बटणावर हात ठेवलेला. तो माणूस नसेल तर त्याच्या घरच्यांचा. नुसत्या यंत्राचा फोटो कोणत्याही जाहिरातीत मिळतो, हा मिळत नाही.

घाई करून यंत्र लावू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. पन्नास वर्षे बंद पडलेल्या यंत्रातले कपॅसिटर खराब झालेले असतात. बटण दाबले की धूर निघतो. काही यंत्रे ११० व्होल्टची असतात, ती आपल्या २३० व्होल्टवर जळून जातात. रबराचे पट्टे वितळून डांबरासारखे चिकट होतात आणि फीत ओढून तोडतात. जाणकार मेकॅनिककडूनच तपासणी करून घ्या. फितीला आंबट, शिरक्यासारखा वास येत असेल तर ती जुन्या जातीची आहे आणि खराब होऊ लागली आहे. तिचे काम आधी करा. अकोल्याचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा हे दोन्ही फितीचे वैरी आहेत. पत्र्याच्या छपराखालचा माळा ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा. डबा खाली आणा, घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात उभा ठेवा आणि स्पीकरपासून लांब ठेवा, कारण त्यातल्या चुंबकाने ठसा पुसला जाऊ शकतो.

आवाज संगणकावर उतरवला की त्याच्या तीन प्रती करा आणि त्या तीन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ फीत मात्र फेकू नका. गायकाच्या कुटुंबाला विचारल्याशिवाय तो आवाज कोठेही टाकू नका. हयातभर ज्यांना चहा आणि हारावर गाववले, त्यांच्या मुलाबाळांना निदान विचारण्याचा मान तरी मिळावा.

आमची सवय कारकुनीची, म्हणून एक साधी वही सुचवतो. रकाने सहा: डब्याचा अनुक्रमांक, डब्यावरचा मजकूर, गाव आणि साल, गाणारे-वाजवणारे सर्वजण, माहिती कोणी सांगितली, फोटो क्रमांक. प्रत्येक विहाराने अशी एक वही ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर एक डबा उघडावा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायामाणसांना विचारून रकाने भरावेत. शाळकरी मुलांनी लिहावे. याला पैसा लागत नाही. अमरावतीत फ्रेजरपुऱ्यापासून आणि अकोल्यात अशोक वाटिकेच्या आसपासच्या वस्त्यांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ होईल.

कोणी म्हणेल, सारे अनित्य आहे असे सांगणाऱ्या धम्माचे लोक जुन्या यंत्रांचा मोह कशाला धरतात? भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्खू महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली जमले. आनंदांनी ऐकलेला धम्म म्हणून दाखवला, उपालींनी विनय सांगितला. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. पुढे काही शतके धम्म कानातून तोंडात आणि तोंडातून कानात असाच चालत आला. सारे अनित्य आहे हे ठाऊक होते म्हणूनच त्यांनी घाई केली. आपल्या माळ्यावरची फीतही अनित्य आहे. या आठवड्यात डबा खाली उतरवा आणि ज्यांना त्यातली नावे ठाऊक आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.

जयभीम.