पाय न बघता सांगितलेले उपाय

परवा एका सत्कार समारंभात एका गृहस्थांनी आमच्या खापा गावातली सगळी पायदुखी पाच मिनिटांत बरी करून टाकली. पाय दुखतात ते वातानं, वात वाढतो थंडाव्यानं. तेव्हा ऊन पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, तिळाचं तेल चोळा, रुईचं पान शेकून बांधा, सकाळी अनवाणी फिरा आणि दवाखान्याची पायरी चढू नका. आपले विणकर आजोबा दिवसभर मागावर बसत, त्यांचे पाय कुठे दुखत होते? यावर टाळ्या पडल्या.

आधी आजोबांचं बघू. खड्ड्याच्या मागावर विणकर काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि दिवसभर पावड्या दाबत राहतो. अशा बैठकीत कंबर आणि गुडघे कुरकुरल्याशिवाय राहत नाहीत. शिवाय याच भाषणात पुढे आजी रोज रात्री आजोबांच्या पायांना तेल चोळत असल्याचा हृद्य प्रसंग आला. न दुखणाऱ्या पायांना रोज तेल कशासाठी, हे मात्र सांगायचं राहिलं.

खरा राग आहे तो ऊन पाण्याचा. दिवसभर उभं राहून शिणलेल्या धडधाकट पायांना कोमट पाण्यानं बरं वाटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाय वर्षानुवर्षं जळजळतात, रात्री मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, असं सांगणाऱ्या माणसाला बादलीत पाय घालायला लावणं म्हणजे आंधळ्याला गाडी चालवायला देणं. मधुमेहात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की शरीरातल्या सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात तळपायांपासून होते. त्या पायाला जळजळ जाणवते, पण पाणी किती गरम आहे ते कळत नाही. 60 अंश सेल्सिअसचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. धडधाकट माणूस ‘अगं आई’ म्हणून पाय बाहेर काढतो. हा माणूस बातम्या संपेपर्यंत निवांत बसून राहतो. सकाळी फोड दिसतो, त्यावर हळद लागते, फोड चिघळतो, आणि ज्या दवाखान्याची पायरी चढायची नव्हती तिथेच बोट कापायची बोलणी सुरू होतात. तेव्हा भाषणकर्ते दुसऱ्या सत्काराला गेलेले असतात. बरं, पाणी बेताचं असलं तरी रोज भिजवून कोरड्या पायांना भेगाच पडतात, आणि भेगांतून जंतू आत शिरतात.

तेल चोळण्याचंही तसंच. पोटरी एकाएकी सुजली, तीही एकाच पायाची, तर मालीश नको. आत रक्ताची गुठळी असू शकते. उशी घेऊन पाय उंच ठेवल्यानं फुगलेल्या शिरांना आराम पडतो, पण बिडीनं धमन्या आखडलेल्या माणसाचं दुखणं त्यानेच वाढतं. अनवाणी फिरण्यावर मी पूर्वीही भांडलो आहे. तेव्हा ‘मातीशी नातं’ असं उत्तर मिळालं होतं. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पायाखाली डांबर असतं, आणि त्याच्याशी कोणाचंच नातं नसतं.

आता माझं म्हणणं. घरी पुष्कळ करता येतं, आणि त्याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच भागातला हत्तीपाय आहे. विदर्भात हा रोग जुना. 2019 साली नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम झाली. तेव्हा ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणत त्या खिशात घालून नेणारे आमचे गृहस्थच होते. औषध गरम पडतं, बादली मात्र पडत नाही! गोळ्यांनी रोगाचा फैलाव थांबतो. सुजलेल्या पायाची काळजी मात्र घरातच घ्यावी लागते. रोज साबण आणि साधं पाणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणं, चिखल्यांना मलम, बसताना पाय वर, घोट्याची हालचाल. एवढं नेमानं केलं तर थंडीताप येऊन पाय लाल होण्याचे झटके कमी होतात. झटका आलाच तर शेक नको, गार पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह्यानं रोज तळवे उजेडात बघावेत. वाकवत नसेल तर आरसा खाली ठेवावा. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच ठणकत असेल, तर खाटेवरून उतरण्यापूर्वी पंचा तळपायाला अडकवून पाय ताणावा. बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरी होते. आणि टाच दुखत असताना टणक फरशीवर अनवाणी वावरू नये. घरात चप्पल घातली म्हणून सासूबाई बोलतील. बोलू द्या. घरापुरती वेगळी मऊ जोडी ठेवा, देवघरापाशी काढा, बाकी सगळीकडे घाला.