हृदयाची ऑपरेशनं किती झाली ते कळतं, पोरं बरी किती झाली?

वणी : अंगणवाडीत आरोग्य पथक येतं, डॉक्टर पोराची छाती तपासतात आणि हृदयाला छिद्र असल्याची शंका निघते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून ही तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पुढे मोठ्या शहरात मोफत ऑपरेशन होतं. हजार बाळांमागे साधारण 8 ते 9 बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. म्हणून दिंडोरी, कळवण, सुरगाण्यातल्या गरीब घरांना ही सोय मोलाचीच आहे.

मात्र बातमीत येतो तो बहुतेक वेळा ऑपरेशनचा आकडा. पोरांचं पुढे काय झालं, हा खरा हिशोब मागेच राहतो.

ब्रिस्टलचा धडा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 बाळं, इतर ठिकाणच्या तुलनेत जास्त दगावली. चौकशीचा अहवाल 2001 मध्ये आला. त्यानंतर तिथे प्रत्येक रुग्णालयाचा निकाल लोकांसमोर येऊ लागला : ऑपरेशननंतर 30 दिवसांनी किती मुलं जिवंत आहेत. आपल्याकडे असा निकाल जाहीर करण्याची सक्ती नाही.

नुसती टक्केवारी फसवी

साधं छिद्र बुजवणं वेगळं आणि जन्मतः निळ्या पडलेल्या, वजन कमी असलेल्या बाळाचं ऑपरेशन वेगळं. अवघड केसेस घेणाऱ्या रुग्णालयात मृत्यू जास्त दिसणारच. दोष किती गंभीर, वय आणि वजन किती, हे धरूनच तुलना करायला हवी. नाहीतर आकडा चांगला दिसावा म्हणून अवघड बाळांना परत पाठवलं जाईल. शिवाय जखमेत जंतुसंसर्ग किती जणांना झाला, पुन्हा ऑपरेशन किती जणांचं करावं लागलं, हेही मोजावं लागतं.

30 दिवसांनंतर काय?

गावी परतल्यावर खरी परीक्षा असते. द्राक्षाच्या हंगामात मजुरी बुडवून तपासणीला जाणं परवडत नाही. मग गोळ्या थांबतात, तपासणीची तारीख हुकते. हे रुग्णालयाच्या कागदावर दिसत नाही. आजार शोधणारं पथक दरवर्षी गावात येतंच. त्यानेच ऑपरेशन झालेल्या मुलाचं वजन, धाप आणि चुकलेल्या तपासण्या नोंदवल्या, तर वर्षभराचा निकाल तालुक्यातच तयार होईल.

तोवर पालकांनी डिस्चार्जच्या वेळी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : पुढची तपासणी कधी, गोळ्या किती दिवस, कोणत्या लक्षणाला लगेच यायचं आणि फोन कुणाला करायचा. ताप, धाप, ओठ निळे पडणं किंवा जखमेतून पाणी येणं दिसलं, तर तारखेची वाट पाहू नये. डिस्चार्जचा कागद आणि इकोचा रिपोर्ट जपून ठेवावा, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवावा.