घरच्या बोलीची वही

मुलांचा मराठीचा अभ्यास घेता घेता आम्हा पालकांना बहिणाबाई चौधरींच्या कविता पुन्हा वाचाव्या लागल्या. शाळेत असताना आम्ही त्यांचे शब्दार्थ पाठ केले, संदर्भासह स्पष्टीकरणे लिहिली, गुण मिळवले आणि विसरलो. आता वाचताना जाणवले, की त्यांतले जाते, चूल आणि विहीर आमच्या आजीच्या घरीही होती. आम्ही तिकडे नीट पाहिलेच नव्हते.

बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हते. काम करता करता त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. भाषा मात्र खानदेशातली, घरचीच राहिली.

आमचे म्हणणे इथेच आहे. आपल्या बडोद्यातल्या घरांतून भाजीला शाक आणि झोपाळ्याला हिंचका सहज म्हटले जाते. सुटीत पुण्याचे पाहुणे हसले की मुले गप्प होतात. पुढे मराठी बोलणेच टाळतात. शुद्धलेखन यायलाच हवे. पण घरच्या बोलीची लाज वाटू लागली, तर मराठी परीक्षेपुरतीच उरेल.

म्हणून सुचवावेसे वाटते, की प्रत्येक मुलाने आजी-आजोबांचे शब्द, म्हणी आणि आठवणी एका वहीत उतरवून घ्याव्यात. विश्वस्तांनी त्यासाठी पत्रिकेत एक पान राखून ठेवावे. टिपून घेणारे घरात नसते, तर बहिणाबाईही आपल्यापर्यंत पोहोचल्या नसत्या. पालकहो, आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करू या.